राखणदाराचा क्रमांक : खेळातील जर्सी-निवृत्तीच्या सन्मानाची एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळाडूच्या पाठीवर क्रमांक छापण्याची पद्धत ही मुळात सोयीची बाब. दूर बसलेल्या प्रेक्षकाला आणि गुणलेखकाला कोण कोठे खेळतो आहे हे कळावे, एवढाच तिचा हेतू. परंतु व्यवहारातील अनेक खुणांप्रमाणे या खुणेलाही कालांतराने अर्थ चिकटला. क्रमांक हे खेळाडूचे दुसरे नाव बनले आणि एखादा थोर खेळाडू मैदान सोडून गेल्यावर त्याचा क्रमांक पुन्हा कोणालाही द्यावयाचा नाही, अशी प्रथा व्यावसायिक खेळांत रूढ झाली. इंग्रजी वृत्तपत्रांच्या अनुकरणाने आपणही यास 'जर्सी निवृत्त करणे' असे म्हणू लागलो आहोत. वस्तुतः निवृत्त होतो तो खेळाडू. क्रमांकाच्या वाट्याला येते ती एक प्रकारची समाधी.

हा सन्मान कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही आणि या निवडीमागे खेळाविषयीची कोणती समजूत उभी आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यातही ज्याचे काम गुण मिळविण्याचे नसून राखण करण्याचे आहे, अशा खेळाडूचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे.

राखणदार हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. कोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेचे रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तीस राखणदार म्हणतात. आपल्याकडे मराठवाड्यात तो हाडामांसाचा माणूस असे. ज्वारी हुरड्यावर आली की शेतात मचाण बांधून, गोफण घेऊन तो दिवसभर बसत असे. कळमनुरी परिसरात सोयाबीन आणि हळद वाढली तशी ही मचाणे विरळ झाली, तो भाग वेगळा. या माणसाच्या कामाचे मोजमाप कसे करावयाचे? त्याने किती पाखरे हाकलली हे कोणी मोजत नाही, आणि मोजले तरी त्यावरून काही कळत नाही. पाखरांनी न खाल्लेले कणीस हीच त्याची कमाई. आणि न खाल्लेले कणीस हे खळ्यात इतर कणसांसारखेच दिसते. राखणदाराच्या मूल्याचा प्रश्न खेळातही असाच अडचणीचा आहे.

बर्फावरील हॉकी आणि तिचा राखणदार

क्रमांक-निवृत्तीचा विचार करताना उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीकडे वळावे लागते. हॉकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवळ येते. हा खेळ त्याहून पुष्कळच निराळा आहे. बर्फाचे बंदिस्त मैदान, प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू, चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, आणि अंगावर धडक देण्याची नियमानेच दिलेली मुभा. दोन खेळाडूंनी हातमोजे टाकून एकमेकांवर ठोसे चालविणे हा येथे अपराध खराच. परंतु त्याची नेहमीची शिक्षा पाच मिनिटे बाहेर बसण्याची. शिक्षा भोगून खेळाडू परत मैदानात येतो. या सवलतीतूनच 'एन्फोर्सर' नावाचा खेळाडू जन्माला आला. आपल्या संघातील कुशल खेळाडूच्या अंगाला कोणी वेडेवाकडे भिडले तर त्याची गाठ माझ्याशी आहे, हे प्रतिपक्षास कळविणे, हे त्याचे काम. तो प्रत्यक्षात किती वेळा लढला याला दुय्यम महत्त्व असते. त्याच्या धाकाने किती आगळिकी झाल्याच नाहीत, यात त्याचे मोल असते, आणि ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

योगायोग असा की, या खेळातील पहिला निवृत्त क्रमांक हिंसेतूनच जन्मला. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टन येथील सामन्यात एडी शोअर या बोस्टनच्या खेळाडूने टोरांटोच्या एस बेलीला मागून धडक दिली. बेलीचे डोके बर्फावर आपटले व कवटी फुटली. मेंदूवर शस्त्रक्रिया होऊन त्याचा जीव वाचला; खेळ मात्र कायमचा संपला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी टोरांटो येथे एक विशेष सामना भरविण्यात आला. त्या सामन्यापूर्वी बेलीने शोअरशी हस्तांदोलन केले, आणि टोरांटो संघाने बेलीचा सहा हा क्रमांक यापुढे कोणी घालणार नाही असे जाहीर केले.

या घटनेकडे थोडे थांबून पाहावयास हवे. बेली हा गुणी खेळाडू होता, यात शंका नाही. परंतु त्याचा क्रमांक काढून ठेवला गेला तो त्याच्या गोलांची बेरीज करून नव्हे. एका माणसाचे आपल्या डोळ्यांदेखत नुकसान झाले आणि ते भरून काढता येत नाही, या जाणिवेतून तो काढून ठेवला गेला. म्हणजे हा सन्मान आरंभी पराक्रमाची पावती नव्हता. ती हानीची नोंद होती. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने २०१४ साली चेंडू लागून मृत्यू पावलेल्या फिलिप ह्यूजचा ६४ हा एकदिवसीय सामन्यांतील क्रमांक निवृत्त केला, तेव्हा ते नकळत या मूळ अर्थाकडेच परतले, असे म्हणता येईल. बेलीच्या कथेला आणखी एक शेपूट आहे. १९६८ साली रॉन एलिस या तरुण खेळाडूचा सरळ, स्वच्छ खेळ बेलीला आवडला आणि आपला क्रमांक त्याने घालावा अशी इच्छा त्याने स्वतःच व्यक्त केली. चौतीस वर्षे बंद असलेला सहा क्रमांक पुन्हा बर्फावर आला. ज्याचा सन्मान, त्यानेच तो सैल केला.

मधल्या काळात मात्र या प्रथेचा अर्थ पालटला. क्रमांक-निवृत्ती ही विक्रमवीरांची पूजा झाली. तिचे सर्वोच्च उदाहरण वेन ग्रेट्स्की याचे. त्याचा ९९ हा क्रमांक ६ फेब्रुवारी २००० रोजी एका संघापुरता न ठेवता संपूर्ण एनएचएल लीगमधून निवृत्त करण्यात आला. ग्रेट्स्की हा अंगाने किरकोळ होता. त्याच्या विलक्षण कारकिर्दीत एडमंटन संघात प्रथम डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅक्सॉर्ली हे त्याचे राखणदार होते. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ग्रेट्स्कीची लॉस एंजेलिसला पाठवणी झाली तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच व्यवहारात त्याच्याबरोबर गेला. ग्रेट्स्कीचा तसा आग्रहच होता. जगातील श्रेष्ठ खेळाडूने राखणदाराच्या मूल्याविषयी दिलेली याहून स्पष्ट साक्ष दुसरी नाही. सेमेन्कोचा २७ आणि मॅक्सॉर्लीचा ३३ हे क्रमांक मात्र त्या संघांनी निवृत्त केले नाहीत.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. ९९ क्रमांकाचा तो सोहळा झाल्यानंतर पंधराच दिवसांनी, २१ फेब्रुवारी २००० रोजी, बोस्टनकडून खेळणाऱ्या मॅक्सॉर्लीने व्हँकुव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशिअर या दुसऱ्या राखणदाराच्या डोक्यावर हॉकीची काठी मारली. त्याला निलंबित करण्यात आले, त्याच वर्षी कॅनडाच्या न्यायालयाने दोषी ठरविले, आणि तो लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. मॅक्सॉर्लीच्या कृत्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. ते घोर कृत्यच होते. तथापि ज्या व्यवस्थेने एकाला ९९ च्या रूपाने छतापर्यंत चढविले, तिनेच दुसऱ्याला वर्षानुवर्षे ठोसे चालविण्याचा पगार दिला होता. फेब्रुवारी महिन्याच्या त्या पंधरा दिवसांत या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू एकदम उघड्या पडल्या.

सन्मान आणि त्याची किंमत

राखणदारांचे क्रमांक निवृत्त झालेच नाहीत असे नाही. बोस्टनने २००२ साली टेरी ओ'रायलीचा २४ क्रमांक निवृत्त केला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ओटावा संघाने क्रिस नील याचा २५ क्रमांक छताला टांगला. नील संपूर्ण कारकीर्द एकाच संघाकडून १०२६ सामने खेळला. त्यात गोल ११२, आणि शिक्षेची मिनिटे २५२२. अशा निर्णयांवर दोन्ही बाजूंनी वाद होतो. क्रमांक मोजकेच असल्याने ते असामान्य कौशल्यासाठीच राखून ठेवावेत, असे एक पक्ष म्हणतो. संघ केवळ गोलांनी उभा राहत नाही, निष्ठेचाही मान व्हावा, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्षांची एक चूक समान आहे. दोघेही आकड्यांकडेच बोट दाखवितात. पहिला पक्ष गोलांचे आकडे सांगतो, दुसरा सामन्यांचे आणि शिक्षेच्या मिनिटांचे. परंतु शिक्षेची मिनिटे हे राखणीचे माप नव्हे. ज्याचा धाक पुरेसा आहे त्याला लढावेच लागत नाही; म्हणजे उत्तम राखणदाराचा आकडा कमीच भरावयास हवा. गोफण सतत फिरत असेल तर पाखरांना त्या मचाणाची भीती उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळता येत नाही. राखणदाराला सन्मान देणे म्हणजे त्याच्या शरीराची झालेली नासाडी शोभिवंत करणे नव्हे काय? डेरेक बूगार्ड हा आपल्या पिढीतील सर्वाधिक धाक असलेला राखणदार. २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. १३ मे २०११ रोजी मद्य आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो मरण पावला. डोक्यावर वारंवार आघात झाल्याने मेंदूचा होणारा ऱ्हास त्याच्या मेंदूत आढळला. २०१० साली पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही तेच आढळले होते. बूगार्डच्या जीवनावर जॉन ब्रँच या पत्रकाराने प्रथम वृत्तपत्रात दीर्घ लेखमाला आणि पुढे २०१४ साली पुस्तक लिहिले. त्यानंतर या खेळातील राखणदाराकडे पूर्वीच्या निरागस कौतुकाने पाहणे कठीण झाले. त्या लीगमधील मारामाऱ्यांचे प्रमाण आता बरेच घटले आहे, आणि केवळ लढण्यासाठी ठेवलेला खेळाडू जवळजवळ नाहीसा झाला आहे.

तेव्हा राखणीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक धाकाची राखण. तिची शक्ती दुसऱ्याला इजा करण्याच्या तयारीत असते. दुसरी सोशिक राखण, म्हणजे आघात स्वतःच्या अंगावर घेऊन मागच्याला वाचविणे. आइस हॉकीतील गोंधळ असा की, तेथे हे दोन प्रकार एकाच माणसात मिसळले गेले. आपल्याकडील खेळांत धाकाच्या राखणीला फारसा वाव नाही. सोशिक राखणीला मात्र भरपूर आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याकडे अधिक स्वच्छपणे विचारता येतो.

दहा आणि एकोणीस

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात पालघरच्या शार्दूल ठाकूरने भारताकडून पदार्पण केले. त्याच्या पाठीवर दहा हा क्रमांक होता. सचिन तेंडुलकर आपला अखेरचा एकदिवसीय सामना मार्च २०१२ मध्ये खेळला होता आणि त्यानंतर हा क्रमांक भारतीय संघात कोणी घातला नव्हता. मुंबई इंडियन्सने आपल्या संघापुरता तो २०१३ सालीच निवृत्तही केला होता. राष्ट्रीय संघात मात्र तसा कोणताही नियम नव्हता. तरीही समाजमाध्यमांवर मोठे काहूर उठले. आपल्या जन्मतारखेतील अंकांची बेरीज दहा येते म्हणून हा क्रमांक घेतला, असे स्पष्टीकरण पंचवीस वर्षांच्या त्या गोलंदाजाला द्यावे लागले. पुढे तो ५४ क्रमांकावर गेला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये दहा क्रमांक अनौपचारिकरीत्या बाजूला ठेवला गेल्याच्या बातम्या आल्या.

तेंडुलकरच्या थोरवीविषयी दुमत संभवत नाही. आक्षेप आहे तो पद्धतीवर. जो सन्मान मंडळाने विचारपूर्वक, समारंभाने, त्या खेळाडूच्या उपस्थितीत द्यावयास हवा होता, तो एका नवोदिताची हेटाळणी होऊन, लोकक्षोभाला शरण जाऊन दिला गेला. पालघरहून लोकल गाडीने मुंबईत सरावाला येणाऱ्या मुलाने तेंडुलकरचा क्रमांक घालावा, यात तेंडुलकरचा अवमान कसा होतो, हे समजणे अवघड आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महेंद्रसिंग धोनीचा सात क्रमांकही निवृत्त झाला. दहानंतर सातच्या बाबतीत निदान कोणा तरुणाचा बळी गेला नाही.

आता दुसरा क्रमांक पाहू. इंदूरला मराठी कुटुंबात जन्मलेला आणि बंगळूरला वाढलेला राहुल द्रविड एकदिवसीय सामन्यांत १९ क्रमांक घालीत असे. तो निवृत्त झाल्यानंतर पुढे तोच क्रमांक नागपूरकडच्या उमेश यादवने घातला. कोणी आरडाओरडा केला नाही. कोणाच्या बहुधा लक्षातही आले नाही.

द्रविड हा भारतीय क्रिकेटमधील सोशिक राखणदाराचा आदर्श नमुना होय. कसोटी क्रिकेटमध्ये त्याने ३१,२५८ चेंडू खेळले. इतके चेंडू दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाने खेळलेले नाहीत. नव्या चेंडूची धार बोथट करून मागच्या फलंदाजांसाठी वाट मोकळी करणे, हे तिसऱ्या क्रमांकावरील त्याचे काम होते. एकदिवसीय संघात एक जादा फलंदाज खेळविता यावा म्हणून त्याने ७३ सामन्यांत यष्टिरक्षण केले. ते त्याचे मूळ काम नव्हते आणि त्याची आवडही नव्हती, असे मानण्यास जागा आहे. १४ मार्च २००१ या दिवशी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर लक्ष्मण आणि द्रविड यांनी ऑस्ट्रेलियाला दिवसभर एकही बळी मिळू दिला नाही. त्या ३७६ धावांच्या भागीदारीच्या डावातील लक्ष्मणच्या २८१ धावा सर्वांच्या तोंडी आहेत. दुसऱ्या टोकाच्या १८० कितीजणांना चटकन आठवतात?

येथे कोणी म्हणेल की, आकड्यांचा आधार घेऊ नये असे सांगून लेखकानेच आकडे दिले. आक्षेप रास्त आहे. परंतु खेळलेल्या चेंडूंची संख्या ही धावांच्या संख्येसारखी नाही. ती श्रमाची मोजणी आहे, फळाची नव्हे. शिवाय तीही अपुरीच आहे. द्रविड एका टोकाला उभा असल्यामुळे दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला किती मोकळेपणा लाभला, हे कोठे मोजता येते?

या उदाहरणाला एक लहानसा पण महत्त्वाचा पदर आहे. कसोटी सामन्यांच्या पांढऱ्या पोशाखावर नाव आणि क्रमांक छापण्यास १ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेपासून सुरुवात झाली. द्रविडची कसोटी कारकीर्द जानेवारी २०१२ मध्ये आणि तेंडुलकरची दोनशे कसोटींनंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये संपली. म्हणजे दोघांनीही आपले सर्वांत दीर्घ आणि कसदार काम पाठीवर कोणताही क्रमांक नसताना केले. दहा क्रमांकात तेंडुलकरचे अर्धेच क्रिकेट सामावते. द्रविडच्या बाबतीत तर निवृत्त करावयास काही नव्हतेच. त्याची राखण कोऱ्या पाठीची होती. क्रमांक-निवृत्तीची प्रथा रंगीत कपड्यांच्या, दूरचित्रवाणीच्या खेळाचे अपत्य आहे आणि जे दूरचित्रवाणीवर चटकन दिसते तेच तिला दिसते.

पकडीचा हिशेब

ज्या खेळात मराठी मातीचा वाटा सर्वांत मोठा, त्या कबड्डीत तर राखण हा खेळाचा अर्धा भाग आहे. चढाई आणि पकड ही या खेळाची दोन अंगे. तथापि जत्रेतील मैदानापासून प्रो कबड्डीपर्यंत टाळ्या मिळतात त्या चढाईपटूला. एकटा माणूस सात जणांच्या अंगणात जातो, दम राखून गुण घेऊन परततो. हे दृश्यच नाट्यमय असते. पकड ही बहुधा चार-पाच देहांच्या ढिगाऱ्याखाली घडते. कोपरारक्षकाने घोटा धरलेला असतो, मध्यरक्षकाने धडक देऊन चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडलेले असते, साखळीतल्या दुसऱ्याने आपल्या जोडीदाराचा हात सोडलेला नसतो. गुणतक्त्यात मात्र त्या पकडीपुढे सहसा एकाचेच नाव पडते. हात न सोडणाऱ्यासाठी तेथे रकाना नाही.

यू मुंबाने २०१५ साली प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळविले. अनुप कुमारची चतुर चढाई सर्वांच्या स्मरणात राहिली. त्या संघाच्या कोपऱ्यांवर सुरेंद्र नाडा आणि मोहित छिल्लर होते व मध्यरक्षणाला जीवा कुमार आणि विशाल माने. बोनस गुण घेऊन परतणारा कर्णधार निश्चिंत असे, कारण मागे हे चौघे उभे होते.

बाजाराने याबाबतीत सन्मानाच्या पुढे मजल मारली आहे, हे नमूद करावयास हवे. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवून तो सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पुणे प्रथमच विजेते झाले. पुढे २०२५ च्या लिलावात तोच सर्वांत महागडा खेळाडू ठरला. पैसा मोजणाऱ्या संघमालकाला राखणीचे मोल कळते. गौरव करणाऱ्या समाजाला ते उशिरा कळते किंवा कळतच नाही. ही विसंगती केवळ कबड्डीपुरती आहे असे वाटत नाही.

वास्तविक राखणदाराच्या सन्मानाची परंपरा आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या वेशीवर, मारुतीच्या पारापाशी वीरगळ उभे आहेत. खालच्या पट्टीत लढाई, कित्येकदा पळवून नेल्या जाणाऱ्या गाईगुरांसाठी झालेली झुंज; मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा; वरती शिवलिंगाची पूजा आणि त्यावर चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नाही. त्याने किती शत्रू मारले हेही लिहिलेले नाही. गावासाठी कोणीतरी उभा राहिला आणि पडला, एवढेच दगड सांगतो. बेलीच्या सहा क्रमांकाचे या दगडाशी जवळचे नाते आहे. तेंडुलकरच्या दहा क्रमांकाचे नाही. वीरगळाच्या मर्यादाही ओळखावयास हव्यात. तो मेलेल्याचा गौरव करतो, जिवंतपणी त्याची विचारपूस करीत नाही. बूगार्डच्या बाबतीत हेच झाले. म्हणून राखणदाराच्या सन्मानाची मागणी करताना त्याच्या उपचाराची, विम्याची, खेळ सुटल्यानंतरच्या उपजीविकेची मागणी आधी यावी लागते. गुडघा गेलेल्या कोपरारक्षकाला छताला टांगलेल्या जर्सीचा काय उपयोग?

सोळा क्रमांक

या पार्श्वभूमीवर हॉकी इंडियाचा ऑगस्ट २०२४ मधील निर्णय लक्षणीय ठरतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट रोजी स्पेनला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक मिळविले आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने ३३६ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर निवृत्ती घेतली. १४ ऑगस्ट रोजी दिल्लीतील समारंभात त्याचा १६ क्रमांक वरिष्ठ संघातून निवृत्त करण्यात आला. हा क्रमांक गोल करणाऱ्याचा नव्हता, अडविणाऱ्याचा होता. तो विधिवत, खेळाडूसमोर दिला गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो कनिष्ठ संघात चालू ठेवण्यात आला. श्रीजेश कनिष्ठ संघाचा प्रशिक्षक होणार होता. त्याच्या हाताखाली तयार होणाऱ्या मुलाने तो घालावा, अशी ही योजना. बेलीने एलिससाठी जे उशिरा आणि आपखुशीने केले, ते येथे निर्णयातच अंतर्भूत झाले. शार्दूल ठाकूरच्या वाट्याला जे आले त्याच्या हे अगदी उलट आहे.

मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राणी रामपालचा २८ क्रमांकही निवृत्त झाला. राणीची योग्यता निर्विवाद आहे. तरी दोन-अडीच महिन्यांत दोन क्रमांक या वेगाने ही प्रथा लवकरच निरोपसमारंभातील शालीसारखी होईल, ही शंका नोंदविणे भाग आहे.

गोलरक्षकाच्या सन्मानाविषयीही एक अडचण उरतेच. तो बचावातील सर्वांत दृश्य माणूस असतो. त्याच पॅरिस स्पर्धेत ४ ऑगस्ट रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि भारत उरलेला बहुतेक सामना दहा खेळाडूंनिशी खेळला. १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये श्रीजेशने भारताला तारले, आणि ती प्रतिमा देशभर पोचली. रोहिदासचे नेहमीचे काम असे की, प्रतिपक्षाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सर्वांत आधी धावत सुटून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येणाऱ्या चेंडूच्या मार्गात स्वतःचे शरीर घालावयाचे. चेंडू त्याला लागला, तर तो मागे उभ्या असलेल्या गोलरक्षकापर्यंत येत नाही, आणि गोलरक्षकाच्या खात्यातही जमा होत नाही. लाल कार्डाच्या निलंबनामुळे तो ६ ऑगस्टच्या उपान्त्य सामन्यात खेळू शकला नाही. त्या सामन्यात जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला आणि भारत २-३ असा हरला.